डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद

विद्यार्थी मित्रांनो, लातूरहून नांदेडकडे जाताना वाटेत अहमदपूर हे तालुक्याचे गाव लागते. समजा, तुम्ही या गावात राहता. पावसाळ्याचे दिवस आहेत. तुमच्या धाकट्या भावाला थंडी वाजून ताप आला आहे. अम्मी त्याच्या कपाळावर ओल्या कापडाची घडी ठेवीत आहेत. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली आणि अब्बांनी तुम्हांला औषधाच्या दुकानात पाठविले. तुम्ही धावत जाऊन गोळ्यांची पट्टी घेऊन आलात. तीन-चार दिवसांत भावाचा ताप उतरला आणि तो पुन्हा अंगणात खेळू लागला.

आता ती रिकामी पट्टी उलटून पाहा. तिच्यावर बारीक अक्षरांत औषधाचे नाव, त्याचे मिलिग्रॅममधील प्रमाण आणि ते बनविणाऱ्या कंपनीचे नाव छापलेले असते. ते औषध बहुधा भारतातच तयार झालेले असते. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. परंतु सुमारे शंभर वर्षांपूर्वी अशी स्थिती नव्हती. त्या काळी अहमदपूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि देशावर इंग्रजांचे राज्य होते. आधुनिक औषधे बहुतेक करून परदेशातून जहाजाने येत. ती महाग असत. जहाज आले नाही, तर औषधही येत नसे.

ही परिस्थिती बदलण्यासाठी ज्यांनी आयुष्यभर काम केले, त्यांपैकी एक होते डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद. ते रसायनशास्त्रज्ञ होते. आम्ल, आम्लारी, द्रावण, रासायनिक अभिक्रिया हे धडे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात शिकता. हे सारे पाठ करून काय उपयोग, असा प्रश्न तुम्हांला कधीतरी पडला असेल. हमीद यांचे चरित्र वाचा, म्हणजे त्याचे उत्तर तुम्हांला मिळेल.

ख्वाजा अब्दुल हमीद यांचा जन्म 31 ऑक्टोबर 1898 रोजी अलीगढ येथे झाला. त्यांच्या आईचे नाव मसूद जहाँ बेगम. त्यांच्या आईकडील वडीलधारे ख्वाजा मुहम्मद यूसुफ हे सर सय्यद अहमद खान यांच्या शिक्षणकार्यातील सहकारी होते. त्यामुळे घरात विद्येला मान होता. प्रथम कुरआन शरीफचे वाचन झाले आणि नंतर छोटा हमीद इटावा येथील इस्लामिया हायस्कूलमध्ये शिकू लागला. याच शाळेत डॉ. झाकिर हुसेन यांचेही शिक्षण झाले. झाकिर हुसेन यांचा जन्म हैदराबादचा, आणि 1967 साली ते भारताचे राष्ट्रपती झाले. या दोघांची मैत्री पुढे टिकून राहिली.

हमीद यांना रसायनशास्त्राची गोडी लागली. पुढे त्यांनी अलाहाबाद विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी मिळविली. अलाहाबाद म्हणजे आजचे प्रयागराज.

रसायनशास्त्र म्हणजे पदार्थांचे शास्त्र. पदार्थ कशाचा बनलेला आहे, तो दुसऱ्या पदार्थात कसा बदलतो, हे या शास्त्रात शिकतात. त्यासाठी मोठी प्रयोगशाळाच हवी असे नाही. तुमच्या घरातील स्वयंपाकघर हीसुद्धा एक लहानशी प्रयोगशाळाच आहे. चहात साखर टाकून ढवळली की साखर दिसेनाशी होते, पण चहा गोड लागतो. साखर नाहीशी झाली नाही, ती पाण्यात विरघळली. पाणी हा द्रावक, साखर हा द्राव्य आणि दोन्ही मिळून झाले द्रावण. तुमच्या उर्दू पुस्तकात यालाच महलूल म्हटले आहे. हे पाणी आटविले, तर साखर परत मिळते.

आता दुसरा प्रकार पाहा. कळीच्या चुन्याचा खडा पाण्यात टाकला की पाणी खदखदू लागते, वाफ निघते आणि चुना विरतो. (हे काम लहान मुलांनी करू नये, कारण उडालेला चुना डोळ्यांना फार घातक असतो.) हे पाणी आटविले तरी पहिला कळीचा चुना परत मिळत नाही. येथे नवीन पदार्थ तयार झाला. याला रासायनिक अभिक्रिया म्हणतात. उर्दूत तुम्ही त्यालाच कीमियाई तआमुल म्हणता.

पदवी मिळवून हमीद यांना एखादी चांगली सरकारी नोकरी धरता आली असती. परंतु तो काळ वेगळा होता. 1920 साली महात्मा गांधींनी असहकाराची चळवळ सुरू केली. सरकारी मदतीवर चालणारी कॉलेजे सोडा, अशी हाक विद्यार्थ्यांना देण्यात आली. मौलाना मुहम्मद अली आणि मौलाना शौकत अली हे बंधूही या चळवळीत पुढे होते. त्याच वर्षी, 29 ऑक्टोबर 1920 रोजी, अलीगढ येथे जामिया मिल्लिया इस्लामिया ही राष्ट्रीय शिक्षणसंस्था स्थापन झाली. हमीद या चळवळीत सामील झाले आणि त्यांनी जामियात काही काळ अध्यापन केले. संस्थेजवळ पैसा नव्हता, मोठ्या इमारती नव्हत्या. परंतु आपल्या देशाचे काम आपणच उभे केले पाहिजे, हा धडा त्यांनी येथे घेतला. तो ते कधी विसरले नाहीत.

त्यानंतर उच्च शिक्षणासाठी ते जर्मनीला गेले. रंग आणि औषधे तयार करण्याच्या रसायनशास्त्रात जर्मनी त्या काळी सर्व जगाच्या पुढे होता. ॲस्पिरिन हे औषध 1899 साली तेथूनच बाजारात आले होते. तेथे शिकायचे, तर जर्मन भाषा आली पाहिजे. तुमच्या घरी उर्दू बोलली जाते आणि शाळेत तुम्ही मराठी शिकता. सुरुवातीला मराठी अवघड वाटते, पण ती आली की लातूर, नांदेड, पुणे, मुंबई सगळीकडचे दरवाजे उघडतात. हमीद यांच्यासाठी जर्मन भाषा अशीच ठरली. बर्लिन विद्यापीठातून त्यांनी रसायनशास्त्रातील डॉक्टरेट मिळविली. झाकिर हुसेन यांनीही अर्थशास्त्रातील डॉक्टरेट याच विद्यापीठातून घेतली.

बर्लिनमध्ये हमीद यांची ओळख लूबा या तरुणीशी झाली. ती लिथुआनियातील ज्यू कुटुंबातील होती. 1928 साली बर्लिनच्या मशिदीत त्या दोघांचा विवाह झाला. दोघांचे देश वेगळे, धर्म वेगळे, भाषा वेगळ्या. पण हा संसार शेवटपर्यंत टिकला. पुढे हमीद भारतात परतले आणि त्यांनी मुंबईला आपले कार्यक्षेत्र केले.

हमीद यांच्यासमोर प्रश्न होता, आपल्या विद्येचे करायचे काय? औषधे बनविण्याची विद्या त्यांच्याजवळ होती, पण कारखान्यासाठी भांडवल नव्हते. मित्र आणि हितचिंतक यांच्या साहाय्याने त्यांनी एक कंपनी काढली. तिचे नाव केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज. एवढे लांब नाव कोण उच्चारणार? म्हणून त्यातील इंग्रजी आद्याक्षरे घेऊन सिप्ला हे छोटे नाव रूढ झाले. 17 ऑगस्ट 1935 रोजी कंपनीची नोंदणी झाली. हमीद यांनी औषधांची स्वतः तयार केलेली सूत्रे कंपनीला देऊन टाकली आणि त्याबद्दल मोबदला घेतला नाही. मुंबईत बेलासिस रोडवर दरमहा 350 रुपये भाड्याने एक लहान बंगला घेण्यात आला. त्याच्या थोड्याशा खोल्यांत काम सुरू झाले. पहिली औषधे बाजारात येण्यास सप्टेंबर 1937 उजाडला. म्हणजे तयारीतच दोन वर्षे गेली.

औषध बनविण्यास एवढा वेळ का लागावा? याचे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. औषधात दोन गोष्टी अचूक असाव्या लागतात, शुद्धता आणि प्रमाण.

आधी शुद्धतेचा विचार करू. आपल्या भागातील अनेक बोअरचे पाणी जड असते. ते दिसायला स्वच्छ असते, पण त्यात क्षार विरघळलेले असतात. पाणी तापविण्याच्या भांड्यात काही दिवसांनी आतून पांढरा थर जमतो, तो या क्षारांमुळेच. या थरावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे येतात आणि थर हळूहळू सुटू लागतो. लिंबातील आम्लाची थरातील कार्बोनेटशी अभिक्रिया होते आणि कार्बन डायऑक्साईड वायू बाहेर पडतो. ज्या पाण्यात एवढे पदार्थ दडलेले आहेत, त्या पाण्यात औषध तसेच बनविता येईल का? नाही. त्यासाठी पाणी आधी शुद्ध करावे लागते. तीच काळजी प्रत्येक रसायनाच्या बाबतीत घ्यावी लागते.

आता प्रमाण पाहा. रोग्याला जे सलाईन लावतात, ते मिठाचे द्रावण असते. साध्या सलाईनमध्ये 100 मिलिलिटर द्रावणात 0.9 ग्रॅम मीठ असते. आपल्या रक्ताला हे प्रमाण मानवते. शिरेतून नुसते पाणी दिले, तर रक्तातील तांबड्या पेशी फुगून फुटतात. मिठाचे प्रमाण फार वाढले, तर त्या आकसतात. भाजीत चिमूटभर मीठ कमीजास्त झाले, तर घरचे लोक फार तर कुरकुरतात. औषधात तसे झाले, तर रोग्याच्या जिवावर बेतते. हमीद यांना केवळ औषध विकायचे नव्हते. देशात बनलेले औषधही परदेशी औषधाइतकेच खात्रीचे असते, हा विश्वास त्यांना निर्माण करायचा होता.

4 जुलै 1939 रोजी स्वतः महात्मा गांधी हा कारखाना पाहण्यासाठी आले. त्यांनी तो पाहून आनंद व्यक्त केला आणि अभिप्राय लिहून ठेवला. त्यानंतर दोनच महिन्यांनी दुसरे महायुद्ध सुरू झाले. समुद्रावर युद्धनौका फिरू लागल्या. परदेशातून येणारा औषधांचा पुरवठा तुटू लागला. ज्या गोष्टीची भीती होती, तीच समोर आली.

मार्च 1942 मध्ये जपानने जावा बेट जिंकले. तुम्ही म्हणाल, दूरच्या जावा बेटाचा आपल्याशी काय संबंध? संबंध होता, आणि तो फार मोठा होता. हिवतापावर त्या काळी क्विनीन हे मुख्य औषध होते. क्विनीन सिंकोना नावाच्या झाडाच्या सालीतून काढतात. जगातील बहुतेक सिंकोना त्या वेळी जावा बेटावर पिकत असे. आपल्याकडे दार्जिलिंग आणि निलगिरीच्या डोंगरांत सिंकोनाचे मळे होते, पण तेवढ्याने भागण्यासारखे नव्हते. इकडे हिवतापाने माणसे मरत होती. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात भुकेबरोबर हिवतापानेही असंख्य बळी घेतले. औषध माहीत होते, ते बनविण्याची रीतही माहीत होती, पण पुरेसे औषध हाताशी नव्हते. देशाने स्वतःची औषधे स्वतः का बनवावीत, हे त्या दिवसांत सर्वांना कळून आले.

सालीतून क्विनीन कसे काढतात, हे समजून घेऊ. यात तुमचे आम्ल आणि आम्लारी दोन्ही भेटतात. तुमच्या उर्दू पुस्तकात आम्लाला तुर्शा आणि आम्लारीला असास म्हणतात. लिंबू, चिंच, दही आंबट असतात, कारण त्यांत आम्ल असते. चुना, धुण्याचा सोडा, साबण हे आम्लारीच्या बाजूचे. त्यांचे द्रावण बोटांना बुळबुळीत लागते. पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीला अल्कली असेही म्हणतात. अल्कली हा मूळ अरबी शब्द आहे. क्षारयुक्त वनस्पती जाळून जी राख मिळे, तिला अरब लोक अल-कली म्हणत. तेथून हा शब्द युरोपात गेला आणि सर्व जगाचा झाला.

सिंकोनाच्या सालीत क्विनीन आम्लांशी जोडलेले असते. सालीची भुकटी करून तीत विरलेला चुना मिसळतात. चुना आम्लांना आपल्याकडे ओढून घेतो आणि क्विनीन मोकळे होते. क्विनीन स्वतः एक आम्लारी आहे. ते पाण्यात फारच थोडे विरघळते, पण तेलासारख्या द्रावकात विरघळते. म्हणून ते अशा द्रावकात उतरवून घेतात. मग त्यात सौम्य सल्फ्युरिक आम्ल घालतात. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की दोघांचा जोर मावळतो आणि क्षार तयार होतो. याला उदासिनीकरण म्हणतात. येथे क्विनीन सल्फेट हा क्षार बनतो आणि थंड झाल्यावर त्याचे पांढरे स्फटिक मिळतात. हेच ते हिवतापाचे कडू औषध. पाहा, द्रावण, आम्ल, आम्लारी, क्षार आणि अभिक्रिया, तुमचा अख्खा धडा या एका औषधात आला!

युद्धाच्या त्या काळात सिप्लाने बारीक निगराणीने बनवावी लागणारी शुद्ध रसायने देशातच तयार करण्यास सुरुवात केली आणि आपली सर्व साधने औषधनिर्मितीच्या कामाला लावली. पण एका कारखान्याने देशाची गरज भागणार नाही, हे हमीद ओळखून होते. देशात संशोधनाच्या मोठ्या संस्था हव्यात, असे त्यांचे मत होते आणि त्यासाठी त्यांनी एक योजनाही मांडली. 1942 साली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली. तिच्या नियामक मंडळावर हमीद यांनी अनेक वर्षे काम केले. याच परिषदेची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा 1950 साली पुण्यात सुरू झाली. पुण्याला गेलात, तर पाषाण भागात ती तुम्हांला पाहायला मिळेल.

1947 साली देश स्वतंत्र झाला आणि त्याची फाळणीही झाली. हमीद येथेच राहिले. ते अनेक वर्षे मुंबईच्या विधान परिषदेचे सदस्य होते. कारखाना वाढत गेला आणि 1960 साली मुंबईतील विक्रोळी येथे दुसरा कारखाना सुरू झाला.

अखेरच्या काळात त्यांनी आणखी एक बदल पाहिला. पूर्वीच्या कायद्यानुसार एखादे नवे औषध परदेशी कंपनीने आधी नोंदविले, तर ते औषध दुसऱ्या कोणाला येथे बनविता येत नसे. 1970 साली नवा पेटंट कायदा झाला आणि एप्रिल 1972 पासून तो लागू झाला. त्यात औषधाच्या पदार्थावर नव्हे, तर तो बनविण्याच्या रीतीवरच हक्क मिळू लागला. अहमदपूरहून लातूरला जाण्यास जसा एकच रस्ता नसतो, तसेच एकाच पदार्थाकडे वेगवेगळ्या अभिक्रियांनी जाता येते. ज्याला रसायनशास्त्र येते, तो दुसरा रस्ता शोधू शकतो. या कायद्यामुळे भारतीय रसायनशास्त्रज्ञांना असे रस्ते शोधण्याची संधी मिळाली आणि देशात स्वस्त औषधे बनू लागली. हा कायदा 2005 साली पुन्हा बदलला, पण तोपर्यंत भारत औषधनिर्मितीत जगातील पुढच्या देशांत जाऊन बसला होता.

23 जून 1972 रोजी डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र यूसुफ हमीद हेही रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी केंब्रिज येथे शिक्षण घेतले आणि वडिलांचे काम पुढे चालविले. 2001 साली एड्सच्या रोग्यांना लागणारी औषधे एका वर्षाला 10,000 डॉलरहून अधिक किमतीला विकली जात होती. आफ्रिकेतील गरीब रोग्यांना ती मिळणे अशक्य होते. तेव्हा सिप्लाने ही औषधे दिवसाला सुमारे एक डॉलर एवढ्या किमतीत देऊ केली. 350 रुपये भाड्याच्या बंगल्यात सुरू झालेले काम असे सातासमुद्रापार पोहोचले. एके काळी परदेशी जहाजाची वाट पाहणाऱ्या देशाकडून आता जहाजे भरून औषधे बाहेर जाऊ लागली.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुम्हीही एक प्रयोग करून पाहा. हळद पाण्यात कालवून ती पांढऱ्या कागदाला लावा आणि कागद सावलीत वाळवा. त्याच्या लहान पट्ट्या कापा. एका पट्टीवर साबणाच्या पाण्याचा थेंब टाका. पट्टी लाल होईल. त्याच जागी लिंबाचा रस टाका. ती पुन्हा पिवळी होईल. आम्लारी ओळखून देणारी ही हळद म्हणजे एक दर्शक आहे. कपड्यावरील हळदीचा डाग साबण लावताच लाल का होतो, हेही तुम्हांला आता सांगता येईल. मात्र शाळेच्या प्रयोगशाळेतील कोणतेही रसायन चाखून पाहू नका आणि शिक्षकांना विचारल्याशिवाय हाताळू नका.

इटावा येथील शाळेत शिकणाऱ्या हमीद यांचे रसायनशास्त्रही अशाच साध्या गोष्टींपासून सुरू झाले. आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार बनतो, हा नियम तुमच्या पुस्तकात एका ओळीत लिहिलेला असतो. ती ओळ नीट समजून घेतलेली माणसे देशात होती, म्हणून तापाने फणफणलेल्या मुलाला आज अहमदपूरच्या दुकानातून औषध मिळते. उद्या ती समजून घेण्याची पाळी तुमची आहे.